पानाची खालची बाजू

दिवाळी अंकासाठी लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मला आधी हसू आलं. द्राक्षाच्या सल्लागाराला दिवाळी कुठली? पलूस, तासगाव, मिरज या आमच्या पट्ट्यात बागेची फळछाटणी होते ती दसऱ्याच्या मागेपुढे. छाटल्यावर वेलीचे डोळे, म्हणजे कोंब, फुटतात, पोपटी पानं येतात, पानांआडून करंगळीएवढे घड डोकावतात आणि नेमके दिवाळीच्या सुमाराला ते फुलोऱ्यात येतात. सगळ्या वर्षाचं पीक त्या दिवसांत तान्ह्या बाळाच्या टाळूसारखं नाजूक असतं. त्यात परतीचा पाऊस पाय काढायला तयार नसतो, सकाळी धुकं पडतं, आणि बागायतदाराचा जीव टांगणीला लागतो. त्याचा लागला की माझाही लागलाच म्हणून समजा. एका हातात पूजेचं तबक, खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन, आणि तोंडाने "दादा, पांढरं पानाच्या वर आहे का खाली?" अशी माझी कितीतरी लक्ष्मीपूजनं झाली. आमचे हे आरती अर्ध्यात थांबवून, निरांजन विझू नये म्हणून हाताचा आडोसा करून उभे राहायचे. बिचाऱ्यांनी कधी तक्रार केली नाही, फक्त कापूर जास्त आणून ठेवायचे.

हा धंदा काय असतो ते बाहेरच्यांना माहीत नसतं, म्हणून सांगते. बाग शेतकऱ्याची, घाम त्याचा, जोखीम त्याची. सल्लागाराने यायचं, वेलीकडे बघायचं आणि आता काय करायचं ते सांगायचं. खरं म्हणजे, काय करायचं नाही ते सांगायचं. कारण द्राक्षवाला मुळात काहीतरी करायला उतावीळ असतो. बागेचा सगळ्यात मोठा बागुलबुवा म्हणजे डावणी. ही एक बुरशी. पानाच्या वर आधी तेलाचं बोट लागल्यासारखा पिवळट डाग पडतो, आणि हवा दमट झाली की त्याच डागाच्या बरोबर खाली, पानाच्या पाठीवर, पांढरी लव उगवते. फुलोऱ्यातल्या घडावर ती गेली की घड तपकिरी होऊन वाळतो. हिरवीगार बाग बघता बघता हातची जाते. हे ज्याने एकदा पाहिलंय तो पुन्हा कधी ढगाळ हवेत शांत झोपत नाही. मीही पाहिलंय.

लोक मला फार शांत बाई समजतात. त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारावं. मी लहानपणापासून घाबरट आहे. माझं माहेर साताऱ्याचं. शाळेत असताना परीक्षेच्या आदल्या दिवशी मला ताप यायचा, आणि पेपर सुरू झाला की उतरायचा. शेतीची पदवी घेऊन मी सांगलीत एका खाजगी प्रयोगशाळेत लागले, तेव्हा टेबलावर पानांच्या पिशव्यांचा ढीग, दारात घाईला आलेले शेतकरी, आणि माझ्या तळहाताला घाम. तिथे आमच्या एक वरिष्ठ बाई होत्या. पोस्टकार्डासारख्या मोजकं बोलणाऱ्या. मी एकदा घाईघाईने एका पानावर नजर टाकून "डावणी" म्हणाले, तर त्यांनी माझ्यापुढे कोरा कागद आणि पेन्सिल सरकवली.

"जे दिसतंय ते काढून दाखव."

"बाई, शेतकरी बाहेर थांबलाय."

"त्याला चहा सांगितलाय. काढ."

मी पान काढायला बसले. चित्र काढताना घाई चालत नाही, केली की पानाचा तळहात होतो. एक शीर काढली, तिला फुटलेली दुसरी काढली, पानाच्या कडेचे दाते काढले. मग लक्षात आलं की मी ज्याला डावणी म्हणाले ते पांढरं शिरांच्या मधोमध नव्हतं, शिरांच्या कडेने ओघळ सुकल्यासारखं होतं. ती बुरशी नव्हतीच, फवारलेल्या औषधाचे डाग होते. आणि आणखी एक लक्षात आलं. माझ्या हाताचा घाम सुकला होता. बाईंना पानाचं निदान शिकवायचं होतं का माझं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. त्यांनी निरोपाच्या दिवशी मला दहापट दाखवणारं एक घडीचं भिंग दिलं, ते काळ्या दोऱ्याने माझ्या गळ्यात आजही आहे. आमचे हे त्याला माझं दुसरं मंगळसूत्र म्हणतात.

भिंग वापरायचीही रीत असते. नवखा माणूस ते पानावर धरून लांबून वाकून बघतो. तसं काही दिसत नाही. भिंग डोळ्याला चिकटवायचं आणि पान हळूहळू डोळ्याकडे आणायचं. मध्येच एका जागी सगळं स्वच्छ होतं. श्वास जोरात घेतला तरी ते बिघडतं. म्हणजे बघायचं असेल तर श्वास आपोआप सावकाश घ्यावा लागतो. डावणीची लव त्यात बारीक पांढऱ्या झाडीसारखी दिसते, फांद्याफांद्यांची. घातकी चीज आहे, पण दिसते सुंदर, हे मला शेतकऱ्यासमोर कधी बोलता आलं नाही.

मोबाईल आले आणि धंदा पार बदलला. पूर्वी माणूस पान घेऊन एसटीने यायचा, तोवर त्याची अर्धी भीती वाटेत उतरायची. आता फोटो येतो. एकाने मला अगदी जवळून काढलेला फोटो पाठवला, वर लिहिलं होतं, "अर्जंट. हे काय?" तपकिरी, भेगाळलेलं, कडा उललेल्या. मी बराच वेळ विचार केला आणि शेवटी फोन लावला. "दादा, मला वाटतं हा तुमचा अंगठा आहे." मग ते म्हणाले, "व्हय की वो मॅडम. पान मागं राह्यलं."

दुसरे एक पलूसकडचे मास्तर. शाळेत पोरांना शिस्त लावलेला माणूस, पण शेजारच्या बागेत ब्लोअरचा आवाज सुरू झाला की यांची पाचावर धारण बसायची. ब्लोअर म्हणजे ट्रॅक्टरमागे जोडलेलं फवारणीचं यंत्र, त्याचा घोंघाट दोन शिवारं ओलांडून ऐकू येतो. शेजाऱ्याने औषध मारलं म्हणजे त्याला काहीतरी दिसलं असणार, या हिशोबाने मास्तर मारायचे. मी एकदा मुद्दाम त्या शेजाऱ्याकडे गेले. विचारलं, "काल काय दिसलं हो तुम्हाला?" तो म्हणाला, "मला कुठं काय दिसलं? ओढ्यापल्याडच्यानं मारलं म्हणून मी मारलं." असा तो घोंघाट गावभर फिरत असतो, आणि वेल मात्र उभ्या उभ्या अंघोळी करत असते. रोग हाल्याला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात ते याला. मास्तरांना मी हे सांगितलं तेव्हा ते खूप हसले, आणि पुढच्या ढगाळ दिवशी परत मारलं.

त्यांना मी हसले नाही. भीती संसर्गजन्य असते, आणि माझाही फोन त्याच हवेत वाजत असायचा.

आता सुभेदारांची गोष्ट सांगते, कारण लिहायला बसले ती खरं म्हणजे तिच्यासाठीच. निवृत्त व्हायच्या आधीच्या माझ्या शेवटच्या हंगामांतली ही गोष्ट.

सुभेदार म्हणजे पलूसच्या पुढे एका गावात, फौजेतून निवृत्त होऊन आलेले गृहस्थ. घरचा ऊस होताच, त्याच्या शेजारी त्यांनी हौसेने द्राक्ष लावलं. उंच, ताठ, बुटाची नाडीसुद्धा नेमाने बांधणारा माणूस. नमस्कारही असा करायचे की मला उगाच सरळ उभं राहावंसं वाटे. बाग आखीवरेखीव, तारा सतारीसारख्या ताणलेल्या. पहिली दोन पिकं बरी गेली. मग एका वर्षी शेजारची बाग डावणीने बसली, आणि बांधावर उभं राहून सुभेदारांनी ती रोज वाळताना पाहिली. तेव्हापासून त्यांच्यात काहीतरी बिनसलं.

त्या छाटणीनंतर एक दिवस त्यांच्या पत्नीचा, सुनंदाताईंचा फोन आला. त्याही साताऱ्याकडच्या, त्यामुळे मला त्या गावचं माणूस मानायच्या.

"मॅडम, सुभेदारांच्या घरातनं बोलतीया. ह्यांनी आज परत फवारा काढलाय. परवा मारलं, काल मारलं. आज बॅरलमधी काय काय ओतलंय देवाला ठावं. आवं, जेवत न्हाईत, धड बोलत न्हाईत. मला बागंची न्हाई, ह्यांची काळजी वाटतीया. तुमी येताय का?"

मी गाडी काढली. सांगलीच्या विश्रामबागेतून पलूस तसं लांब नाही, पण उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलात तर काशीला गेल्यासारखं वाटतं. वाटेत आभाळ दाटून येत होतं. कोवळ्या घडांवर पाच-सहा औषधांचं मिश्रण मारलं तर रोग राहिला बाजूला, औषधानेच घड करपतात. मी पोचायच्या आत त्यांनी पहिली ओळ धरली तर त्या ओळीचं पीक गेलं, हे मला दिसत होतं. पुढच्या ट्रॉलीतून उसाची कांडी पडत होती आणि मी स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की बोटं दुखायला लागली.

बागेत पोचले तर इंजिन चालू होतं. सुभेदार बॅरलजवळ उभे होते, तोंडाची पट्टी गळ्यात, डोळे लाल. एका हातात मोबाईल, त्यावर हवामान दाखवणारी तीन निरनिराळी चित्रं, तिघांचंही एकमेकांशी पटत नव्हतं. दुसऱ्या हातात वेलीचा एक कोवळा शेंडा. तो हात थरथरत होता.

"मॅडम, अंडी! सगळ्या बागंत अंडी हायत. ग्रुपवर फोटू टाकला, कुनी म्हनतंय थ्रिप्स किडीची, कुनी म्हनतंय कोळ्याची. ज्यानं जे सांगितलं ते घेतलंय. आता दोन तासात पाऊस हाय. मला मारू द्या."

मी भिंग लावून शेंडा बघितला. देठावर, पानाच्या पाठीवर, बारीक बारीक गोल मणी. एका नजरेत कळलं की अंडी नाहीत. तेव्हाच सांगून मोकळी झाले असते. पण घाबरलेल्या माणसाला उत्तर सांगून भागत नाही. ग्रुपवरच्या इतक्या मतांत ते आणखी एक मत होतं, एवढंच.

"सुभेदार, आधी इंजिन बंद करा."

"मॅडम, टाइम न्हाई."

"बंद करा. मला ऐकू येत नाही."

बंद केलं. बागेत एकदम शांतता पसरली, कुठेतरी ठिबकच्या नळीची गळती टपटपत होती, ती ऐकू यायला लागली. मी मनात आलं ते विचारलं.

"तुम्ही पोस्टवर असताना समोर काही दिसलं की लगेच गोळी झाडायचात?"

ते माझ्याकडे वेड्यासारखे बघायला लागले. "न्हाई. तसं कसं? आदी बघायचं."

"कसं बघायचं?"

आणि त्यांचा आवाज बदलला. नव्या शिपायांना शिकवताना असेल तसा झाला. "आदी जवळचं बघायचं. मग मधलं, मग लांबचं. आन बघायचं ते उजवीकडनं डावीकडं. आपन वाचतो डावीकडनं, त्या सवयीनं नजर घसरती. उलटं बघितलं की नजर अडकती. अडकली की दिसतं."

हे मला नवीन होतं. मी भिंग गळ्यातून काढून त्यांच्या हातात दिलं.

"मग बघा तसं. आधी बसा."

एक प्लास्टिकचं क्रेट पालथं घालून ते बसले. पहिल्यांदा काहीच दिसेना, कारण भिंग हलत होतं. मग त्यांनी कोपर गुडघ्यावर टेकवलं, बंदुकीला टेकू देतात तसं. शेंडा उजवीकडून डावीकडे सरकायला लागला. सुनंदाताई चहा घेऊन आल्या आणि हातात ताटली धरून तशाच उभ्या राहिल्या.

"काय दिसतंय?"

"काचंचं मनी हायत. आरपार उजेड जातोय."

"आत काही आहे?"

"काय बी न्हाई."

"हलतंय काही?"

"न्हाई."

मी सुनंदाताईंकडे हात केला. त्यांनी बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढून दिली. सुभेदारांनी एक मणी टोचला. तो फुटला आणि देठावर ओलसर ठिपका राहिला.

"पानी हाय नुसतं," ते म्हणाले.

"अंडी नाहीत ती, सुभेदार. वेल जोरात वाढायला लागली, पोटभर प्यायली, की रस असा मण्यांसारखा बाहेर येतो. वेल खुशीत असल्याची खूण आहे. दरवर्षी येतात ते."

"दरवर्षी?"

"दरवर्षी."

"मी कवा बघितलंच न्हाई," असं म्हणून त्यांनी भिंग परत डोळ्याला लावलं. आता कारण नव्हतं, तरी लावलं. बराच वेळ बघत राहिले. "मॅडम, ह्यो वेलीचा तानू बघितला का? तारंला नुसता टेकलाय, अजून पकडलं न्हाई. आन हितं लव हाय, सोनेरी. ह्यो किडा कुनाचा?" तो लेडीबर्डचा किडा होता, मावा ही कीड खाणारा, म्हणजे आपल्याच बाजूचा. तसं सांगितल्यावर त्यांनी शेंडा असा जपून खाली ठेवला की जणू झोपलेल्या लेकराला ठेवतायत.

मग चहा घेतला. माझा कप भरलेला आणि सुभेदारांचा अर्धाच होता. मला वाटलं, दूध संपलं असेल, म्हणून मी माझ्यातला देऊ लागले. सुनंदाताई मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. हात थरथरतोय त्यांचा, भरलेला सांडतो. मग त्यांनाच वंगाळ वाटतंय. म्हनून मी अर्धाच देती आजकाल."

निघताना सुभेदार गाडीपाशी आले. बॅरल शेतापासून लांब खड्ड्यात रिकामं करायचं ठरलं होतं. म्हणाले, "मॅडम, तिकडं हुकूम यायचा. चूक असू दे, बरोबर असू दे, हुकूम यायचा. इकडं नुसता मोबाईल वाजतो. कुनाचं ऐकायचं?"

"वेलीचं," असं मी म्हणाले. ऐकायला बरं वाटतं, पण तेव्हा माझा माझ्यावरच विश्वास नव्हता.

ठरलं ते असं. रोज सकाळी त्यांनी एका वेलीखाली क्रेट टाकून बसायचं, उजवीकडून डावीकडे नुसत्या डोळ्यांनी बघायचं, आणि बघून झाल्यावरच मला कळवायचं. त्याआधी ग्रुप उघडायचा नाही. ते नेमाने फोन करायचे. "मॅडम, विहिरीकडची बाजू. सगळं ठीक." हळूहळू त्या फोनची मलाच सवय लागली. तो आला की मी दिवसाला सुरुवात करायची.

मग फुलोरा आला आणि त्याबरोबर आभाळ आलं. पाऊस पडेना आणि उघडेना. सकाळी दव इतकं की पानांवरून ओघळायचं. सुभेदारांच्या बागेत मी एक योग्य फवारणी आधीच करून घेतली होती आणि सांगितलं होतं, आता फुलं उघडलीत, वर काही मारायचं नाही, बघत राहायचं. हे सांगणं सोपं असतं. आजूबाजूला दिवसभर ब्लोअर घोंघावत होते. सगळं शिवार मारत होतं आणि माझ्या शब्दावर एक बाग गप्प उभी होती.

मला भीती पिकाची होती, पण तेवढीच नव्हती. पीक गेलं तर वाईट होतं. पण तो माणूस नुकता कुठे स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायला लागला होता. माझा अंदाज चुकला असता तर तो परत त्या मोबाईलमध्ये गेला असता, आणि मग कुणाच्या भिंगाने बाहेर आला नसता. त्या दिवसांत मी स्वतः हवामानाची तीन चित्रं उघडून बसायला लागले. भाजीत मीठ दोनदा पडलं. आमचे हे म्हणाले, "अगं, जरा बस, एखादं पान काढ." मी त्यांच्यावर खेकसले.

आणि एका सकाळी फोन आला नाही.

मी थांबले. चहा झाला, पेपर झाला, नाही. मी लावला तर नुसती रिंग. पुन्हा लावला. पुन्हा रिंग. डोळ्यांपुढे काय काय आलं ते लिहीत नाही. मी तशीच निघाले. गाडीत मनाशी घोकत होते, पोचल्या पोचल्या सांगायचं, मारा, जे असेल ते मारा, आत्ता मारा. ट्रॅक्टरना चुकवत, खड्ड्यांतून आदळत कशी पोचले ते मला आठवत नाही. शेजारच्या बागेत ब्लोअर चालू होता. सुभेदारांचा ट्रॅक्टर शेडमध्ये थंड उभा होता.

ओळींमधून मी जवळजवळ पळतच गेले. विहिरीकडच्या कोपऱ्यात सुभेदार क्रेटवर बसलेले. शेजारच्या काही वेलींना जुन्या लुगड्याच्या काठाच्या लाल चिंध्या बांधलेल्या.

"सुभेदार! फोन का उचलला नाही?"

"बघत हुतो, मॅडम. बघताना फोन उचलत न्हाई."

"काय झालंय? काय आहे?"

"आदी बसा."

"अहो, मला सांगा आधी!"

"बसा, मॅडम." त्यांनी उठून क्रेट मला दिलं. त्या आवाजाला नाही म्हणता येण्यासारखं नव्हतं. मी बसले. गळ्यातलं भिंग काढलं, डोळ्याला लावलं, त्यांनी दाखवलेलं पान ओढलं. काही दिसेना. सगळं धूसर, हलतंय. मला वाटलं भिंगावर वाफ धरलीय, पदराने पुसलं. तरी तेच.

"उजवीकडनं, मॅडम," ते माझ्या डोक्यावरून शांतपणे म्हणाले. "कोपर गुडघ्यावर ठिवा."

मी कोपर ठेवलं. पानाची उजवी कड आली. दाते आले. दाताच्या टोकाशी दवाचा एक थेंब, त्यात उलटं आभाळ. एक शीर, तिचा फाटा, फाट्याच्या बेचक्यात धुळीचा कण. हळूहळू डावीकडे आले आणि नजर अडकली. पांढरी झाडी, बारीक, फांद्याफांद्यांची. पान उलटलं. वर तेलाचं बोट.

"डावणी," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला.

"व्हय," सुभेदार म्हणाले. "हाय. पन एवढीच हाय."

मग त्यांनी सांगितलं. पहाटे फटफटल्यावर पहिलं पान दिसलं. तेव्हा मारायलाच निघाले होते, हे त्यांनी लपवलं नाही. बॅरलपर्यंत गेले होते. तिथून परत आले, सुनंदाताईंना उठवलं, आणि एका टोकाकडून त्या, दुसऱ्या टोकाकडून हे, असं दोघांनी ओळी धरल्या. आधी जवळचं, मग मधलं, मग लांबचं. सगळी बाग पानाच्या खालून पाहिली. विहिरीच्या कोपऱ्यात नारळाची सावली आहे, तिथे दव उशिरा वाळतं, तेवढ्याच वेलींवर आहे. जिथे आहे तिथे चिंधी बांधली. चिंधीच्या पलीकडे नाही.

मी उठून स्वतः फिरले. खरंच नव्हती. लागलेली पानं आम्ही खुडली, पोत्यात घालून बांधाबाहेर नेली. बागेला एकच औषध, एकदाच मारायचं ठरलं, संध्याकाळी वारा पडल्यावर. कोपऱ्यातल्या वेलींचे थोडे घड पुढे गेलेच, ते लपवून काय उपयोग. बाकीची बाग तरली. माल चांगला आला. पण ते सगळं पुढचं. मला आठवते ती ती सकाळ.

पोतं टाकून परत आलो तेव्हा ढगांतून थोडा उजेड आला होता. शेजारचा ब्लोअर अजून घोंघावत होता. सुभेदार क्रेटवर बसून माझ्याकडून मागून घेतलेल्या भिंगाचा दोरा बोटाला गुंडाळत होते, आणि सोडवत होते. सुनंदाताई बांधावरून ताटली घेऊन येताना दिसल्या. त्यांनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, माझ्या हातांकडे. ताटली पुढे केली.

सुभेदारांचा कप काठोकाठ भरलेला होता. माझा अर्धाच.